वगळलेल्याचं काय?

१

माझा पहिला शोधनिबंध ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शाळेवर होता. बीड जिल्ह्यातल्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि घरी सांभाळायला कोणी नसेल तर मुलंही बरोबर. मी चाळीसेक कुटुंबांशी बोलले होते, काहींशी गावात आणि काहींशी फडाजवळच्या कोप्यांवर. निबंधाचं म्हणणं सरळ होतं: स्थलांतरात मुलांची शाळा सुटते, आणि एकदा सुटली की पट्टा पडल्यावर गावी परतूनही ती नीट जुळत नाही. बहुतेक घरांनी हेच सांगितलं.

चार घरांनी वेगळं सांगितलं. त्यांची मुलं कारखान्याजवळच्या साखरशाळेत जात होती आणि गावापेक्षा तिथेच जास्त नियमित होती. त्यांतली एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, हितं पोरगं शाळंत तरी बसतंय. गावाकडं म्हातारीच्या भरवशावर ठिवलं असतं तर ढोरांमागं फिरलं असतं."

कच्च्या खर्ड्यात ही चार घरं होती. माझ्या गाईडनी त्या दीड पानावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "वाचकाचा गोंधळ होतो." मी विचारायला गेले तर सर म्हणाले, "अगं, शब्दमर्यादा आहे. चार घरांसाठी दीड पान घालवणार आहेस का? पुरावा मांडायचा असतो, ओतायचा नसतो."

हे वाक्य मला तेव्हाही पटलं आणि आजही बऱ्याच अंशी पटतं. दीड पान गेलं. 'मुलाखत घेतलेल्या बहुतांश कुटुंबांत' असे शब्द राहिले आणि ते खरेच होते. निबंध छापून आला. दोन्ही समीक्षकांनी मांडणी स्वच्छ असल्याचं आवर्जून लिहिलं होतं.

काही वर्षांनी एका संस्थेत काम करणाऱ्या मुलीचा फोन आला. मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं चालवावीत, की कारखान्याजवळच्या शाळांवर खर्च करावा, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यांच्या टिपणात माझा निबंध वसतिगृहांच्या बाजूचा पुरावा म्हणून आला होता. तिने सहज विचारलं, "मॅडम, साखरशाळेचा फायदा झालेलं एकही कुटुंब तुम्हाला भेटलं नाही का?"

"भेटली होती. चार."

"मग तुमच्या पेपरमध्ये कुठे आहेत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण तिला नेमकं जे हवं होतं, तेच मी काढून टाकलं होतं, आणि काढलं आहे हेही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. शोधनिबंधात पुरावा प्रभावीपणे मांडणं आणि प्रामाणिकपणे मांडणं, या एकाच गोष्टी आहेत का? नसतील तर त्या नेमक्या कुठे वेगळ्या होतात?

२

मांडणी कशी करावी हे शिकवणारं साहित्य भरपूर आहे. मानसशास्त्रात दोन-तीन पिढ्यांनी ज्यावरून लिहायला शिकलं, असा एक लेख डॅरिल बेम या अमेरिकी प्राध्यापकाचा आहे. प्रायोगिक संशोधनावरचा निबंध कसा लिहावा हे त्यात सांगितलंय. लेख १९८७ सालचा, अतिशय वाचनीय. निबंधाचा आकार वाळूच्या घड्याळासारखा असावा, रुंद प्रश्नापासून सुरुवात करून मध्ये निमुळतं व्हावं आणि शेवटी पुन्हा रुंद व्हावं, ही त्यातली उपमा अजूनही वर्गात शिकवली जाते.

त्याच लेखात बेम म्हणतात की तुमच्यापुढे दोन निबंध असतात. एक, प्रयोग आखताना तुमच्या मनात होता तो. दुसरा, हाती आलेला डेटा पाहिल्यावर जो सगळ्यांत अर्थपूर्ण ठरतो तो. लिहावा दुसरा. त्यासाठी डेटा सगळ्या बाजूंनी न्याहाळा, गट वेगळे करून पाहा, काही रंजक अंधूक दिसलं तर ते ठळक होईल अशी पुनर्रचना करून पाहा. नवं हाती लागलेलं पुरेसं भक्कम असेल तर मूळ गृहीतक मागे सारा, वेळ पडली तर सोडूनही द्या. इथे बेम यांच्यावर अन्याय होता कामा नये. नकारात्मक निष्कर्ष दडपा असा हा सल्ला नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट लिहिलंय. हेतू वाचकाच्या सोयीचा आहे. तुमचं डोकं कुठे कुठे भटकलं याची डायरी वाचायला वाचक आलेला नाही.

२०११ मध्ये याच बेम यांचा एक निबंध त्यांच्या क्षेत्रातल्या अतिशय प्रतिष्ठित नियतकालिकात आला. नऊ प्रयोग, हजाराहून अधिक सहभागी, आणि निष्कर्ष असा की माणसांना अजून न घडलेल्या गोष्टींची पुसटशी चाहूल लागते. एका प्रयोगात पडद्यावर दोन झाकलेल्या चौकटी होत्या. चित्र कुठल्या चौकटीत दिसणार ते सहभागी माणसाने निवड केल्यानंतर ठरत होतं. निव्वळ योगायोगाने निम्मे अंदाज बरोबर यायला हवेत, पण कामुक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के आले. निबंध वाळूच्या घड्याळासारखाच होता. आकडेशास्त्राच्या नेहमीच्या चाचण्या होत्या. समीक्षकांना तो परत पाठवायला कारण सापडलं नाही.

लोक अस्वस्थ झाले ते अतींद्रिय शक्तीमुळे कमी आणि दुसऱ्याच गोष्टीमुळे जास्त. सगळे नियम पाळून हे सिद्ध होत असेल, तर त्याच नियमांनी आपण आजवर सिद्ध केलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय? पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांचा निबंध आला. सात प्रयोग, तीन हजारांहून अधिक सहभागी, परिणाम शून्य. २०१५ मध्ये एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांनी परिणाम आढळल्याचं सांगितलं होतं. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आढळला.

हे सगळे लबाड होते असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्यांनी पुरावा चांगला मांडला होता.

३

हे कसं घडतं ते सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या तिघांनी २०११ मध्येच एका खट्याळ निबंधात दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना गाणी ऐकवली. बीटल्सचं म्हातारपणावरचं 'व्हेन आय अॅम सिक्स्टी-फोर' ऐकणारे विद्यार्थी, दुसरी एक धून ऐकणाऱ्यांपेक्षा, जवळजवळ दीड वर्षाने तरुण निघाले. तरुण वाटले असं नव्हे; जन्मतारखेनुसार तरुण. गाणं ऐकून माणसाचं वय कमी होत नाही हे सांगायला नको. पण आकडे खरे होते, चाचणी रीतसर होती, आणि वर्णनातलं प्रत्येक वाक्य सत्य होतं.

मग त्यांनी तेच वर्णन पुन्हा छापलं. पहिल्या वेळचे शब्द ठळक अक्षरांत, आणि मधल्या मोकळ्या जागांत, करड्या अक्षरांत, पहिल्या वेळी न सांगितलेलं सगळं. गाणी दोन नव्हती, तीन होती. विद्यार्थ्यांना वडिलांचं वय आणि आणखी बऱ्याच गोष्टी विचारल्या होत्या, आणि वडिलांचं वय हिशेबात धरलं तरच फरक दिसत होता. किती विद्यार्थ्यांवर थांबायचं हेही आधी ठरलेलं नव्हतं. करडी अक्षरं वाचली की निष्कर्ष कोसळतो. ती वाचेपर्यंत तो अगदी ठाकठीक उभा असतो.

मला तो छापील मजकूर पाहताना आमच्या सरांची पेन्सिल आठवली. माझी चार घरं करड्या अक्षरांतली होती.

४

पण मग सगळंच लिहायचं का? इथे दुसरी बाजू ऐकायला हवी, कारण ती फार भक्कम आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ च्या एप्रिलमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत त्या प्रसूती विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अठरा मरत होत्या. मेच्या मध्यावर इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. जूनमध्ये हे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आलं, जुलैत आणखी खाली. शेजारीच सुइणींचा विभाग होता, तिथे पूर्वीपासून मृत्यू कमी होते. म्हणजे तुलनेसाठी गटही आयता होता. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच कोणाच्या हाती आला असेल.

सेमेलवाइसने त्याचं काय केलं? सुरुवातीला त्याच्या मित्रांनीच त्याच्या वतीने लिहिलं. त्याचं स्वतःचं पुस्तक १८६१ मध्ये आलं. ते लांबलचक आहे, तक्त्यांमागून तक्ते देणारं आणि जुने हिशेब चुकते करणारं. न पटलेल्यांना त्याने उघड पत्रांतून खुनी ठरवलं. १८६५ मध्ये तो गेला तेव्हाही बहुतेक ठिकाणी त्याचं म्हणणं स्वीकारलं गेलेलं नव्हतं. त्याला नाकारण्यामागे इतरही कारणं होती, डॉक्टरांचा अहंकार आणि जंतूंविषयीचं अज्ञान. पण मांडणीतलं अपयशही त्यांतलंच एक, आणि त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या नावाने भरली गेली नाही. ती बाळंतिणींनी भरली.

म्हणून प्रभावीपणा ही केवळ लेखनाची शोभा आहे, खरा संशोधक तिच्या वाट्याला जात नाही, असं म्हणणं सोपं असलं तरी चुकीचं आहे. हाती सत्य असून ते कळेल असं न लिहिणं हाही दोष आहे. शिवाय ढीग ओतूनही लपवता येतं. दोनशे पानांची परिशिष्टं जोडून द्यावीत, गैरसोयीचा आकडा एकशे सदतिसाव्या पानावर ठेवावा आणि कोणी विचारलंच तर 'दिलेलं आहे' म्हणावं. यात काहीच वगळलेलं नसतं आणि काहीच सांगितलेलंही नसतं.

पीटर मेडावर या नोबेल विजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात एक उद्धट प्रश्न विचारला होता: वैज्ञानिक निबंध ही फसवणूक असते का? त्याचा रोख आकड्यांवर नव्हता, निबंधाच्या घडणीवर होता. आधी निरीक्षणं, मग चर्चा, मग निष्कर्ष असा क्रम निबंधात असतो, पण संशोधन करताना कोणाचंच डोकं त्या क्रमाने चालत नाही. आधी अपेक्षा असते, आणि निरीक्षण कशाचं करायचं ते तीच ठरवते. तरी आपण लिहिताना कोऱ्या मनाने बसलो होतो असं भासवतो. मेडावर बरोबर आहेत. पण निवड आणि क्रम यांशिवाय लिहिताच येत नाही. त्यामुळे 'निवड करू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. निवड झाल्यावर वाचकाच्या हाती काय उरतं, हे पाहायला हवं.

५

रॉबर्ट मिलिकनची गोष्ट मला याबाबतीत सगळ्यांत जास्त शिकवून जाते, कारण तिच्यात निष्कर्ष बरोबर आहे.

इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार किती, हे त्याने तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून मोजलं. १९१० च्या निबंधात त्याने फार सुंदर काम केलं होतं. प्रत्येक निरीक्षण किती भरवशाचं वाटतं त्यानुसार त्याला तारे दिले होते, आणि एक थेंब आपण हिशेबातून काढून टाकला आहे हेही सांगितलं होतं. तेव्हा व्हिएन्नात फेलिक्स एरेनहाफ्ट याचं म्हणणं होतं की इलेक्ट्रॉनहून लहान भारही असतात. त्याने मिलिकनचीच छापील निरीक्षणं घेतली, थेंबागणिक वेगळा हिशेब केला आणि त्यांतून वेगवेगळे भार काढून दाखवले. मोकळेपणाचं हे बक्षीस.

१९१३ चा निबंध वेगळा आहे. त्यात ५८ थेंब आहेत, तारे नाहीत, आणि एक ठाम वाक्य आहे. त्याचा आशय असा की हे निवडक थेंब नव्हेत, सलग साठ दिवसांत ज्यांच्यावर प्रयोग केला ते सगळे थेंब यात आहेत. पुढे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी मिलिकनच्या वह्या पाहिल्या. त्या काळात शंभराहून अधिक थेंब मोजलेले होते. काहींच्या बाजूला हा छापण्याजोगा आहे अशा अर्थाचे आनंदाचे शेरे होते आणि काही सोडून दिलेले होते. थेंब सोडायला बरीचशी योग्य कारणंही होती: उपकरण नीट स्थिरावलं नव्हतं, तापमान हललं होतं, थेंब फार लहान होता. आणखी एका अभ्यासकाने सोडलेले थेंब धरून हिशेब केला तेव्हा उत्तर जवळपास तेच आलं. फक्त अनिश्चितता वाढली.

म्हणजे आकडा ठीक, सिद्धान्त ठीक, एरेनहाफ्ट चूक. १९२३ चं नोबेलही योग्यच. चुकीचं फक्त ते एक वाक्य. मग त्या वाक्याने नुकसान कोणाचं झालं? 'कोणाचंच नाही' असं म्हणायचा मोह होतो. पण आज मिलिकन बरोबर होता हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण असं म्हणतो. १९१३ च्या वाचकाला ते माहीत नव्हतं. दोघांत कोण बरोबर हे ठरवण्याची वाचकाची ताकद त्या वाक्याने काढून घेतली. त्याला मिलिकनच्या थेंबांऐवजी मिलिकनवर विश्वास ठेवावा लागला. मिलिकन बरोबर निघाला हे त्या वाचकाचं नशीब. तेच वाक्य तितक्याच खात्रीने एखादा चुकलेला माणूसही लिहू शकतो, आणि पानावर दोघांतला फरक दिसत नाही.

माझ्यापुरतं उत्तर मला इथे सापडलं. पुरावा मांडण्याची कसोटी 'वाचकाला पटलं का' ही नाही. मी चुकले असेन तर हेच पान वाचून वाचकाला ते कळू शकेल का, ही खरी कसोटी. निबंधात वगळायला हरकत नाही. वाचकाचा मला अडवण्याचा हक्क तेवढा वगळता येत नाही.

६

ही कल्पना आपल्याला परकी नाही. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. आजच्या मराठीत 'वाद घालू नकोस' म्हणजे भांडू नकोस. पण तिथे वाद हा सगळ्यांत वरचा प्रकार आहे, दोन्ही बाजूंनी सत्य शोधण्यासाठी केलेला. जल्प जिंकण्यासाठी, त्यात छलही चालतो. वितंडेत स्वतःचं काही मांडायचं नसतं, फक्त समोरच्याचं मोडायचं. शोधनिबंध वादाचं नाव लावतो आणि पुष्कळदा जल्प करतो. जल्पातही प्रमाणं दिली जातात. ती कोणासाठी दिली हा फरक असतो.

त्याच परंपरेतलं धूर आणि अग्नीचं उदाहरण शाळेपासून आपल्या कानांवर असतं. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जसं स्वयंपाकघरात. पण स्वयंपाकघर दाखवून भागत नाही. तळ्यासारखं, जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, असं उलट बाजूचं उदाहरणही तपासावं लागतं. आणि हेतू आहे पण साध्य नाही असं एखादं ठिकाण सापडलं तर तो व्यभिचार, म्हणजे हेतू भरवशाचा नाही. माझी चार घरं तशी होती: स्थलांतर आहे, पण शाळा सुटलेली नाही. आता मी 'नेहमी' असं म्हटलं नव्हतं, 'बहुतांश' म्हटलं होतं, म्हणून चार घरांनी माझा निष्कर्ष मोडत नव्हता. पण मग त्यांना दाखवायला मी का घाबरले? मोडत नव्हता हे मला माहीत होतं. वाचकालाही ते समजेल एवढा विश्वास मी त्याच्यावर टाकला नाही.

७

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडून पाहिली असेल त्यांना तिचं पान आठवेल. वर संपादकांनी निश्चित केलेली संहिता. खाली बारीक टाइपात पाठभेद: शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांत त्या जागी काय आहे ते संक्षिप्त खुणांनी दिलेलं. संहितेत न घेतलेल्या ओळींना क्रमांक आणि तारका. मोठे उतारे परिशिष्टात. आणि वरच्या संहितेतही जिथे संपादकाची पुरती खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ.

विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये या कामाचे प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये त्यांचं आदिपर्व पूर्ण झालं. त्यांनी वगळलेल्या गोष्टी लहानसहान नव्हत्या. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं ही घराघरांत माहीत असलेली कथा संहितेतून निघून परिशिष्टात गेली. पुढे सभापर्वात, एजर्टन यांच्या संपादनात, वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही संहितेबाहेर गेला. कीर्तनांतून शतकानुशतकं ऐकलेली गोष्ट मूळ संहितेत नाही असं सांगायला धैर्य लागतं. पण मला त्याहून मोठं धैर्य खालच्या बारीक टाइपात दिसतं. जे टाकलं ते त्याच पानावर, आकड्यासह, कुठल्या पोथ्यांत आहे त्या नोंदीसह. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही त्याने वाद घालावा, त्याचं साहित्य संपादकानेच पुरवलेलं आहे. या आवृत्तीवर टीका करणाऱ्या अनेकांनी ती तिच्याच तळटिपांच्या आधाराने केली आहे. तिच्या कमीपणाचा हा पुरावा मुळीच नव्हे.

आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळमधली एक जुनी पोथी हाती आली. सुकथनकरांनी १९३८ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात तिच्यावर निबंध लिहिला. त्यांनी निश्चित केलेल्या अनेक जागांना त्या पोथीने दुजोरा दिला. आपण काय ठेवलं, काय टाकलं आणि कुठे खात्री नाही, हे आधीच उघड करून ठेवलेलं असल्यामुळे ही तपासणी शक्य झाली. नव्या साक्षीदाराला उभं राहायला जागा होती.

सेमेलवाइसला जमलं नाही आणि मिलिकनने नाकारलं, ते या पानावर एकत्र आहे. वरचा श्लोक एखादा वाचक सलग वाचत जाऊ शकतो, त्याचा कुठेही गोंधळ होत नाही. खाली पाहायचं की नाही हे तो ठरवतो.

८

साध्या शोधनिबंधात हे कसं आणायचं? प्रत्येकाला अशी आवृत्ती काढता येत नाही, हे खरं. पण गोष्टी फार अवघडही नाहीत. किती लोकांशी बोललो, त्यांतले किती इथे आले आणि कुठल्या नियमाने, हे दोन वाक्यांत सांगता येतं. विरोधी पुराव्यातला सगळ्यांत बळकट नमुना निवडून तो मुख्य मजकुरात घेता येतो. आपण बहुधा सगळ्यांत दुबळा निवडतो आणि तळटिपेत त्याचा निकाल लावतो. 'अनेक', 'काही', 'बहुतांश' हे शब्द आकडा माहीत नसेल तेव्हा वापरायचे आहेत. माहीत असून वापरले तर ते पडद्याचं काम करतात.

मुलाखतींवर आधारलेल्या लेखनात तर जास्तच जपायला हवं. आपल्याकडे आलेख नसतो, आपल्याकडे बोलकं अवतरण असतं. चाळीस जणींपैकी एक जण इतकं नेमकं बोलून जाते की तिचं वाक्य टिपतानाच ते निबंधात येणार हे आपल्याला कळतं. ते छापताना ती चाळिसांची प्रतिनिधी आहे की फक्त चाळिसांत सगळ्यांत चांगली बोलणारी, हे आपण सांगत नाही. भाकरी थापणाऱ्या त्या बाईचं वाक्य माझ्या सगळ्या टिपणांतलं सगळ्यांत बोलकं होतं. ते माझ्या निष्कर्षाच्या बाजूचं असतं तर मी त्याचं शीर्षक केलं असतं, याची मला खात्री आहे.

दोष एकट्या लिहिणाऱ्याचा नाही, हेही खरं. नेमणुका आणि बढत्या छापून आलेल्या निबंधांवर ठरतात, आणि 'काही सापडलं नाही' असं सांगणारा निबंध छापायला कोणी उत्सुक नसतं. काही नियतकालिकं आता प्रयोगाची आखणीच वाचून, निकाल येण्यापूर्वी, छापायचं की नाही ते ठरवतात. २०१३ पासून ही पद्धत रुळू लागली आहे. ती चांगली आहे, कारण तिने मोहाची जागाच कमी होते. पण ऊसतोडीच्या फडावर काय सापडेल हे आधी लिहून देता येत नाही. तिथे शेवटी पेन्सिल कोणाच्या तरी हातातच राहते.

त्या मुलीच्या फोननंतर मी नियतकालिकाला पत्र लिहिलं. उत्तर सौजन्याचं होतं. शुद्धिपत्र चुकीसाठी असतं, माझ्या निबंधात चूक कुठली ते मी दाखवावं. मी निबंध पुन्हा वाचला. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शुद्धिपत्र काढता आलं नाही.

मग मी नावं-गावं काढून त्या चार मुलाखतींची टिपणं तिला पाठवली. त्यांचा त्यांच्या निर्णयावर काय परिणाम झाला ते मी विचारलं नाही. चार घरांवरून साखरशाळा चांगल्या ठरत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. आता अधूनमधून दुसऱ्यांचे निबंध माझ्याकडे समीक्षणासाठी येतात. मांडणी फार स्वच्छ असेल तर मी एक प्रश्न हमखास लिहिते: तुम्हाला न जुळणारं काय सापडलं, आणि ते कुठे ठेवलंत? काही जण चिडतात. काही जण पुढच्या खर्ड्यात दीड पान वाढवून पाठवतात. ते दीड पान बहुतेक वेळा जरा ओबडधोबड असतं, मागच्यापुढच्या मजकुराशी नीट सांधलेलं नसतं. मी ते तसंच राहू द्यावं अशी शिफारस करते.